तारेची यंत्रे आणि बिनतारी आवार

प्रशांत महासागराच्या विस्तारात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून जवळजवळ ३,८०० किलोमीटर अंतरावर, हवाई बेटांचा समूह आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकांतून वर आलेली ही बेटे समुद्राने एकमेकांपासून तोडलेली आहेत. त्यांपैकी ओआहू बेटावर होनोलुलू शहर वसले असून, शहराला लागून असलेल्या मानोआच्या खोऱ्यात हवाई विद्यापीठाचे मुख्य आवार आहे. १९७० च्या सुमारास या विद्यापीठाचा पसारा मानोआपुरता मर्यादित राहिलेला नव्हता. दुसऱ्याच बेटावर, हिलो येथे, त्याचे एक महाविद्यालय होते, आणि ओआहू, काउआई, माउई व हवाई या बेटांवर मिळून पाच सामुदायिक महाविद्यालये होती. विद्यार्थी निरनिराळ्या बेटांवर होते. मोठा संगणक मात्र मानोआ येथेच होता. आयबीएम कंपनीचा ३६०/६५ या नावाने ओळखला जाणारा तो संगणक होता. त्या काळी अशा यंत्राची किंमत एवढी असे, की प्रत्येक महाविद्यालयाला त्याच्या तोडीचे दुसरे यंत्र देणे ही कल्पनाही कोणी केली नसती. तेव्हा प्रश्न असा होता, की हिलोच्या किंवा माउईच्या विद्यार्थ्याने या एका यंत्राचा लाभ कसा घ्यावयाचा?

संगणकाशी दुरून बोलण्याचे साधन म्हणजे दूरमुद्रक. टेलिटाइप कंपनीचा ३३ क्रमांकाचा दूरमुद्रक त्या काळी सर्रास वापरात होता. टंकलेखनयंत्रासारखा त्याचा कळफलक आणि कागदाची गुंडाळी. वेग सेकंदाला १० अक्षरांचा. या यंत्राला फक्त तारेची भाषा येत होती. त्याच्या पाठीमागून निघणारी दोरी कोठेतरी जोडल्याशिवाय ते मुके होते, आणि ती दोरी जोडावयाची तर टेलिफोनची तार हवी. ही तार महाग होती. तिच्यातून जाणाऱ्या संदेशांत चुका होत असत. आणि सर्वांत मोठा दोष असा, की तिचे भाडे मिनिटांवर मोजले जाई. विद्यार्थी विचार करीत बसला असताना, कागदावर आकडेमोड करीत असताना, किंबहुना नुसता खिडकीबाहेर पाहत असतानाही तार अडकून राही आणि भाडे चढत जाई.

या परिस्थितीत सप्टेंबर १९६८ मध्ये हवाई विद्यापीठात एका संशोधनास आरंभ झाला. त्याचे प्रमुख होते नॉर्मन अब्रॅमसन. बॉस्टन येथे १९३२ साली जन्मलेले हे प्राध्यापक पूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवीत असत. जपानहून परतताना ते हवाईत थांबले, तेथील लाटांवर फळीवरून स्वार होण्याच्या खेळाने त्यांना भुरळ घातली, आणि पुढे त्यांनी तेथील विद्यापीठातच नोकरी पत्करली. ज्याला समुद्राच्या लाटांनी ओढून आणले, त्याच्या हातून आकाशातील लहरींचे कार्य व्हावे हा योगायोग मोठा मौजेचा आहे. फ्रँकलिन कुओ हे त्यांचे सहकारी. या योजनेला त्यांनी नाव दिले ‘अलोहा’. हवाईयन भाषेतील हा शब्द स्वागताला आणि निरोपालाही चालतो.

अलोहा योजनेचा मूळ विचार साधा होता. तार नको, रेडिओ वापरावा. पण रेडिओलहरी म्हणजे सर्वांची सामाईक हवा. ती कोणाकोणात आणि कशी वाटावयाची? प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र लहर नेमून देणे ही जुनी रीत. परंतु दूरमुद्रकाचे काम पाहिले, तर ही रीत उधळपट्टीची ठरते. दूरमुद्रकावर ८० अक्षरांची एक ओळ छापण्यास यंत्राच्या पूर्ण वेगानेही ८ सेकंद लागतात. तीच ओळ, पत्ता आणि तपासणीचे आकडे धरून, ७०४ बिटांचे एक पुडके होते, आणि सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या रेडिओमार्गावरून ते पुडके सुमारे ७३ सहस्रांश सेकंदात निघून जाते. म्हणजे अखंड टंकन करणाऱ्या मनुष्यालाही या मार्गाचा शंभरावा हिस्सा पुरत नाही. उरलेले सर्व शांततेत जाते. अब्रॅमसन यांनी या शांततेचा उपयोग करण्याचे ठरविले. सर्वांनी एकच लहर वापरावी, ज्याच्याजवळ पुडके तयार असेल त्याने ते कोणालाही न विचारता सोडून द्यावे, असा नियम त्यांनी घातला.

ग्रामसभेत दोघेजण एकाच वेळी बोलू लागले, तर दोघांचेही ऐकू येत नाही. या योजनेतही दोन पुडकी एकाच वेळी निघाली, तर ती एकमेकांवर आदळून बिघडणार हे उघड होते. त्यावर उपाय असा, की मानोआ येथील केंद्राला पुडके धड पोहोचले, तर त्याने लगेच पोच द्यावी. पोच आली नाही, तर पाठविणाऱ्याने समजावे की आपले पुडके वाया गेले, आणि थोडा वेळ थांबून ते पुन्हा पाठवावे. मात्र हा वेळ सर्वांचा सारखा असता कामा नये. नाहीतर आदळलेली दोन पुडकी पुन्हा एकाच क्षणी निघून पुन्हा आदळतील. म्हणून प्रत्येकाने नशिबाचे फासे टाकावेत तसा, कधी कमी कधी जास्त, वाटेल तेवढा वेळ थांबावयाचे. सभेतील सभ्य माणसे जे सहज करतात, तेच येथे यंत्रांना शिकविले गेले.

या साधेपणाची किंमतही अब्रॅमसन यांनी गणिताने काढली. एखादे पुडके सुरक्षित जावयाचे, तर ते निघण्यापूर्वी एका पुडक्याइतका वेळ आणि निघाल्यानंतर एका पुडक्याइतका वेळ दुसऱ्या कोणीही बोलता कामा नये. या हिशेबाने मार्गाच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भागच प्रत्यक्ष उपयोगी पडतो. पुढे लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुचविले, की वेळेचे ठराविक खण पाडावेत आणि प्रत्येक पुडके खणाच्या आरंभीच सोडावे. तेवढ्या एका शिस्तीने हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होते. शंभरातील ८१ भाग वाया जातात असे ऐकून व्यवहारी माणूस मान हलवील. पण टेलिफोनच्या तारेत याहून कितीतरी अधिक वेळ फुकट जात होता आणि त्याचे भाडेही द्यावे लागत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या हिशेबातील शहाणपण कळते.

आता मूळ अडचणीकडे वळले पाहिजे. लहर ठरली, नियम ठरला. पण दूरमुद्रक तर तारेचाच होता. त्याला ना आकाशतारेची ओळख, ना पुडक्यांची, ना पोच घेण्याची. विद्यापीठाने दूरमुद्रक बदलले नाहीत. त्यांच्याजवळ एक पेटी ठेवली. या पेटीस ‘टर्मिनल कंट्रोल युनिट’ असे नाव होते. तिच्यात रेडिओचा प्रेषक व ग्राहक, संकेतांचे रूपांतर करणारे यंत्र, ८० अक्षरांची एक ओळ साठविण्याची जागा आणि नियंत्रणाची मंडले होती. वर आकाशतार होती. दूरमुद्रकाची दोरी आरएस-२३२ या प्रमाणित जोडणीने पेटीत खोवली, की काम झाले. दूरमुद्रकाला वाटे की आपण नेहमीप्रमाणे तारेवरच बोलत आहोत. अक्षरे गोळा करणे, त्यांचे पुडके बांधणे, त्यावर पत्ता घालणे, ते हवेत सोडणे, पोचेची वाट पाहणे आणि पोच न आल्यास पुन्हा पाठविणे ही सर्व जबाबदारी पेटीची. जून १९७१ मध्ये अशी पहिली पेटी चालू झाली. तारेच्या यंत्राला आवारातील बिनतारी जाळ्यात आणून बसविण्याचे हे काम, संगणकांच्या इतिहासातील अशा पहिल्या कामांपैकी एक होय.

पलीकडच्या टोकाला, मोठ्या संगणकाच्या दारात, आणखी एक लहान संगणक बसविलेला होता. त्याचे नाव ‘मेनेहुने’. हवाईच्या लोककथांत मेनेहुने नावाचे ठेंगू लोक आहेत. ते रात्रीच्या रात्रीत मोठमोठी बांधकामे करून टाकतात अशी समजूत आहे. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यात दारावर बसणाऱ्या संगणकाला ‘इम्प’ म्हणत, आणि इंग्रजीत इम्प म्हणजे खट्याळ छोटे भूत. त्याला जोड म्हणून हवाईच्या मंडळींनी आपल्या मातीतला मेनेहुने शोधून काढला. पेट्यांकडून येणाऱ्या पुडक्यांसाठी ४०७.३५० मेगाहर्ट्झची लहर आणि मेनेहुनेने सर्वांना उद्देशून बोलावे यासाठी ४१३.४७५ मेगाहर्ट्झची लहर असे दोन मार्ग होते. दुसऱ्या मार्गावर बोलणारा एकटा मेनेहुनेच असल्यामुळे तेथे टक्कर होण्याचा प्रश्नच नव्हता. जेथे बोलणारे अनेक तेथे संयमाचा नियम हवा, आणि जेथे बोलणारा एक तेथे इतरांनी नुसते ऐकावयाचे, अशी ही वाटणी होती.

आर्पानेटशी हवाईची जोडणी कशी झाली, याची हकीगत स्वतः अब्रॅमसन यांनी सांगून ठेवली आहे. १९७२ साली ते रॉबर्ट्स यांच्या कार्यालयात बसले होते. रॉबर्ट्स काही कामासाठी बाहेर गेले. भिंतीवरील फळ्यावर कोणत्या ठिकाणी कोणत्या तारखेस इम्प बसवावयाचा याची यादी लिहिलेली होती. अब्रॅमसन यांनी खडू उचलला, यादीत अलोहाचे नाव घातले आणि पुढे सहज सुचेल ती १७ डिसेंबर ही तारीख लिहिली. रॉबर्ट्स परत आले, बोलणी दुसऱ्या विषयांकडे वळली, आणि अब्रॅमसन ही गोष्ट विसरूनही गेले. डिसेंबरच्या आरंभी त्यांना दूरध्वनी आला, की यंत्र येत आहे, जागा तयार ठेवावी. यानंतर उपग्रहाच्या मार्गाने हवाई बेटे आर्पानेटला जोडली गेली. कचेरीच्या कारभाराची ज्यांना सवय आहे, त्यांना ही हकीगत अशक्य वाटणार नाही; यादीत नाव चढले, की पुढचे सारे आपोआप घडते.

परंतु अलोहाचा सर्वांत मोठा परिणाम हवाईत घडला नाही. हार्वर्ड विद्यापीठात प्रबंध लिहीत असलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांच्या वाचनात १९७२ साली अब्रॅमसन यांचा निबंध आला. पुढे कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात काम करीत असताना त्यांच्यापुढे प्रश्न आला, की एकाच इमारतीतील अनेक संगणक एकमेकांना कसे जोडावेत. २२ मे १९७३ रोजी त्यांनी लिहिलेल्या टिपणात या जोडणीला ‘इथरनेट’ हे नाव प्रथम दिसते. ईथर म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेणारे, सर्वत्र भरलेले असे मानले गेलेले माध्यम. मेटकाफ यांचे ईथर मात्र एक जाड तार होती. अलोहातील सामाईक हवा त्यांनी तारेत आणून कोंडली. तारेत एक सोय अशी, की बोलण्यापूर्वी दुसरा कोणी बोलत आहे काय हे ऐकता येते, आणि बोलताना टक्कर झाली तर तीही तत्काळ कळते. त्यामुळे वाया जाणारा भाग पुष्कळच घटला. १९८० मध्ये तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचे प्रमाण प्रसिद्ध केले, १९८३ मध्ये त्याला अभियंत्यांच्या संस्थेची मान्यता मिळाली, आणि पुढील वीस वर्षांत छापणारी यंत्रे, मापनयंत्रे, संगणक, खेळाची यंत्रे अशा असंख्य वस्तूंच्या पाठीमागे इथरनेटचे चौकोनी छिद्र दिसू लागले.

येणेप्रमाणे बिनतारी जाळ्याच्या पोटी तारेचे जाळे जन्मास आले. आणि नंतर काळाचे चक्र असे फिरले, की तारेच्या या लेकरांना पुन्हा बिनतारी आवारात जागा शोधावी लागली.

१९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरींचे पट्टे परवान्याशिवाय वापरण्यास मोकळे केले. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांपैकीच. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये आवारातील बिनतारी जाळ्याचे काम सुरू झाले. विद्यापीठाच्या तारेच्या जाळ्याचे नाव होते ‘अँड्रू’. अँड्रू कार्नेगी आणि अँड्रू मेलन या दोन्ही दात्यांच्या नावांतील तो सामाईक भाग. नव्या जाळ्याचे नाव ‘वायरलेस अँड्रू’ पडले. आरंभी त्याचा वेग सेकंदाला २० लक्ष बिटांचा होता. जून १९९७ मध्ये ८०२.११ हे प्रमाण मंजूर झाले, १९९९ मध्ये त्याची वेगवान आवृत्ती आली, आणि त्याच वर्षी ‘वायफाय’ हे नाव रूढ करण्यात आले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्याच्या बंधनातून सुटला. पुढे वसतिगृहांतून, ग्रंथालयांतून, व्याख्यानगृहांतून तारा ओढण्याची गरज कमी होत गेली.

तथापि सर्वच यंत्रे एका दिवसात बिनतारी झाली नाहीत. २००१ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने बाजारात आणलेल्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्राला इथरनेटचे छिद्र तेवढे होते, आणि २००५ मधील त्याच्या पुढच्या आवृत्तीतही बिनतारी जोडणी अंगभूत नव्हती. तिच्यासाठी निराळी वस्तू विकत घ्यावी लागे. प्रयोगशाळेतील मापनयंत्रांची गोष्ट तर याहून कठीण. चांगले मापनयंत्र वीस-पंचवीस वर्षे बिनचूक चालते. त्याच्या मापनात काही उणे नसते; उणीव एवढीच, की ते ज्या जाळ्यात बोलावयास शिकले ते जाळे त्या खोलीत राहिलेले नसते. एवढ्याच कारणासाठी ते अडगळीत टाकणे म्हणजे चांगल्या वैद्याला केवळ गावची बोली येत नाही म्हणून गावाबाहेर काढण्यासारखे आहे.

यावर उपाय जो निघाला, तो १९७१ च्या पेटीचाच वारस आहे. एका बाजूस इथरनेटचे छिद्र आणि दुसऱ्या बाजूस वायफायची आकाशतार असलेली लहान पेटी. तिला बिनतारी सेतू म्हणतात. मात्र या नव्या पेटीपुढे एक अडचण आली, जी हवाईच्या पेटीपुढे नव्हती. इथरनेटच्या प्रत्येक पुडक्यावर दोन पत्ते असतात, घेणाऱ्याचा आणि पाठविणाऱ्याचा. वायफायमध्ये यंत्र मध्यवर्ती स्थानकाकडे जे पुडके पाठविते, त्यावर तीन पत्ते भरलेले असतात: स्थानकाचा, बोलणाऱ्या यंत्राचा आणि अंतिम घेणाऱ्याचा. जो हवेत बोलतो तोच मूळ पाठविणारा, असे येथे गृहीत धरलेले आहे. स्वतःची पत्रे स्वतः टपालात टाकणाऱ्याला ही व्यवस्था पुरते. पण सेतू दुसऱ्याची पत्रे टाकीत असतो. पाठीमागच्या छापणाऱ्या यंत्राचा पत्ता त्याने पुडक्यावर घातला, तर स्थानक म्हणते, हा कोण, याची माझ्या वहीत नोंद नाही. आणि ते पुडके नाकारते.

या अडचणीतून तीन वाटा काढण्यात आल्या. पहिली अशी, की पुडक्यावर चौथा पत्ता लिहावयाचा, म्हणजे मूळ पाठविणारा आणि वाहून नेणारा यांची नावे वेगळी राहतात. ही सर्वांत प्रामाणिक रीत. परंतु स्थानकालाही ती मान्य असावी लागते, आणि विद्यापीठांची स्थानके ती सरसकट मान्य करीत नाहीत. दुसरी वाट अशी, की सेतूने आपल्याजवळ एक वही ठेवावी, बाहेर जाताना पाठीमागच्या यंत्राच्या जागी आपला पत्ता घालावा आणि उत्तर आले की वही पाहून ते योग्य यंत्राकडे पोहोचवावे. तिसरी वाट म्हणजे पेटीने पाठीमागच्या सर्व यंत्रांचे एक वेगळे घरगुती जाळे करावे आणि बाहेर सर्वांच्या वतीने एकट्याच्या नावाने वावरावे. या तिसऱ्या रीतीत बाहेर जाणारी पत्रे सुरळीत जातात. पण बाहेरच्या कोणी आपण होऊन आतल्या यंत्राला हाक मारावयाची म्हटले, तर त्याला दार सापडत नाही. म्हणून खेळाच्या यंत्राला ही रीत बहुधा चालते, परंतु ज्याच्याकडे सगळ्या विभागाने कागद छापावयास पाठवावयाचे त्या यंत्राला ती कुचकामाची ठरते. असे यंत्र चालू असते, दिवा लागलेला असतो, आणि तरीही कोणाचा कागद निघत नाही. याचे कारण बहुधा या घरगुती जाळ्यात असते.

विद्यापीठांच्या व्यवस्थापकांना मात्र याहून मोठी चिंता होती. जाळे कोणाला खुले असावे? तारेच्या काळी उत्तर सोपे होते. भिंतीतील छिद्रापर्यंत जो पोहोचला, तो खोलीत शिरला असला पाहिजे, आणि खोलीला कुलूप होते. हवेला कुलूप नाही. १९९७ च्या प्रमाणात संदेश गुप्त राखण्याची जी युक्ती होती, तिच्यातील दुर्बलता २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी उघड केली. त्याच वर्षी जूनमध्ये ८०२.१एक्स हे प्रमाण मंजूर झाले. त्यात यंत्राने दारावर आपल्या धन्याचे नाव व परवलीचा शब्द सांगावयाचा, दारवानाने तो आतल्या खातेवहीवाल्याकडे पाठवावयाचा, आणि त्याचा होकार आला तरच आत सोडावयाचे, अशी व्यवस्था आहे. याच पायावर २००३ च्या सुमारास युरोपात ‘एड्यूरोम’ उभे राहिले. एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात आपल्याच नावाने जाळे वापरता यावे, ही त्याची कल्पना. भारतातही ती अर्नेटच्या द्वारे आली. अर्नेट म्हणजे १९८६ साली मुंबईतील एनसीएसटी, बंगळूरची विज्ञानसंस्था, पाच आयआयटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांना एकत्र घेऊन आरंभिलेले शैक्षणिक जाळे.

ही व्यवस्था मनुष्याला सोयीची आहे, कारण मनुष्याला आपले नाव सांगता येते. पण ज्या यंत्राला ना पडदा, ना कळफलक, त्याने परवलीचा शब्द कोठे टंकावा? काही ठिकाणी नाव विचारणारे एक पान प्रथम समोर येते आणि ते भरल्यावर मार्ग मोकळा होतो. मापनयंत्राला तेही पान दिसत नाही. म्हणून अनेक विद्यापीठांनी नोंदवहीची पद्धत घातली. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. तो यंत्रावर बारा चिन्हांत छापलेला आढळतो. यंत्राच्या धन्याने आपल्या नावावर तो पत्ता नोंदवावयाचा. हा पत्ता दुसऱ्याला चोरून वापरता येतो, हे व्यवस्थापकांना ठाऊक असते. म्हणून अशा यंत्रांना पुष्कळदा जाळ्याच्या निराळ्या कप्प्यात बसवितात आणि आवश्यक तेवढेच दरवाजे त्यांना उघडे ठेवतात. खोलीत स्वतःचे स्थानक उभारण्यास अनेक विद्यापीठे मनाई करतात, त्यामागेही निव्वळ हुकूमशाही नाही. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच मानले जातात. वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत एकेक स्थानक बोलू लागले, तर सर्वांनाच ऐकू येणे बंद होईल. उलटपक्षी, ज्याच्या यंत्राला तार तेवढी येते त्याला कोणतीच वाट न ठेवता नुसती मनाई करणे हाही न्याय नव्हे. हवाईत वापरकर्त्यांना ‘आधी नवे यंत्र आणा’ असे सांगण्यात आले नव्हते, हे येथे आठवण्यासारखे आहे.

अर्धशतकाच्या या इतिहासाकडे पाहिले, म्हणजे मधल्या पेटीकडून अपेक्षिलेले तीन गुण स्पष्ट दिसतात. दोन्ही बाजूंची भाषा तिला आली पाहिजे. सामाईक हवेत इतरांना जागा देऊन आपली पाळी धरता आली पाहिजे. आणि आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत हे तिला सांगता आले पाहिजे. पहिले दोन गुण हवाईच्या पेटीत १९७१ सालीच होते. वायफायचे यंत्र आजही वाटेल तेवढा वेळ थांबते आणि पाठविलेल्या पुडक्याच्या पोचेची वाट पाहते. तो अलोहाचाच वारसा आहे. तिसऱ्या गुणाची गरज नंतर भासली, कारण एका विद्यापीठातील मोजक्या दूरमुद्रकांच्या जागी अनोळखी यंत्रांची दाटी झाली. गावात सर्वजण ओळखीचे असतात तोवर वेशीवर नाव विचारण्याचे कारण पडत नाही.

नॉर्मन अब्रॅमसन १ डिसेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निवर्तले. त्यांच्या योजनेतील दूरमुद्रक केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले आहेत. आरएस-२३२ ची जोडणी मात्र जुन्या मापनयंत्रांच्या पाठीमागे आजही आढळते. एखाद्या प्रयोगशाळेत अशा यंत्राची दोरी लहानशा पेटीत खोवली जाते आणि त्याने घेतलेली मापे आवारातील हवेतून दुसऱ्या इमारतीत पोहोचतात, तेव्हा मानोआच्या खोऱ्यात जून १९७१ मध्ये झाले तेच काम पुन्हा एकदा होत असते. यंत्र जुने राहते, त्याची बोलीही जुनीच राहते. फक्त त्याच्या शेजारी एक दुभाष्या येऊन बसतो, आणि तेवढ्याने ते पुन्हा कामास लागते.